भामाबाईसाठी खरं रडणारं माणूस

गहिनीनाथ लोकांना हसवत होता तोवर त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. तो रडायला लागला आणि टोलनाक्यावरची पोरंसुद्धा गाडीत वाकून बघायला लागली.

नशिबाचा हा हिशेब त्याला स्वतःलाही कधी नीट जुळवता आला नाही. घर धर्मापुरीच्या शिवारात, गावापासून लांब माळावर. बाप म्हाळू मेंढरं राखणारा, आई भामाबाई मेंढरं आणि म्हाळू दोन्ही राखणारी. पोरगं अभ्यासात बेताचंच होतं. पण हेडमास्तर खोकताना चष्मा कसा धरतात आणि सरपंच झेंडावंदनाला भाषण विसरल्यावर आभाळाकडं कसे बघतात, हे तो असं करून दाखवायचा की ज्याची नक्कल तोच आधी हसायचा आणि मग त्याला बडवायचा. बारावीनंतर परळीत एका मंडपवाल्याकडं माइक हातात मिळाला. लग्न असो, बारसं असो, गहिनीनाथ बोलत सुटायचा. दिंद्रुडच्या एका लग्नात नवरदेव उशिरा आला तेव्हा उपाशी वऱ्हाडाला ह्यानं एकट्यानं हसवत धरून ठेवलं. जेवणाची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही, असं तो सांगतो. झाली होती, असं आचारी सांगतो.

तिथून पुणं. पुण्यात एका हॉटेलाच्या तळघरात स्टँडअप चालायचं, म्हणजे एकानं उभं राहून बोलायचं आणि बाकीच्यांनी बसून ऐकायचं. बसलेले बाकीचे म्हणजे आपला नंबर कधी येतो ह्याची वाट बघणारे दुसरे विनोदवीर. विनोदवीर दुसऱ्याच्या विनोदाला हसत नाही. एक्स-रे बघून डॉक्टर मान हलवतात तशी तो मान हलवतो. अशा माना बघत गहिनीनाथानं दिवस काढले, आणि एके दिवशी त्यानं तिथं कावळा आणला.

कावळ्याची गोष्ट अशी. आमच्याकडं माणसाच्या डोक्याला कावळा शिवला की ते मरणाचं लक्षण. त्याला उतारा एकच. तो माणूस मेला म्हणून जवळच्या नातेवाइकाला खोटा सांगावा धाडायचा. त्यानं तो खरा मानून रडायचं. खरं पाणी डोळ्यातून पडलं की मरण टळलं. मग खरं काय ते सांगायचं, शिव्या खायच्या आणि पाहुण्याला चहा पाजायचा. गहिनीनाथाच्या नाथा चुलत्यावर कावळा बसला तेव्हा असाच सांगावा त्याच्या सासरी गेला. सासरा जीप करून आला, पण रडला नाही. त्यानं लग्नात दिलेला टेबलफॅन परत मागितला. फॅन चालू होता आणि मयत त्याच्यासमोर बसून भाकरी खात होतं.

पुण्याच्या तळघरात ह्यावर एकानं हलवता हलवता मान थांबवली आणि तो हसला. व्हिडिओ मोबाइलवर फिरला. टीव्हीवाल्यांनी बोलावलं, विनोदी कार्यक्रमात साडी नेसवून उभं केलं. दोन हंगाम साडी नेसल्यावर एका डायरेक्टरनं त्याला निरखून बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या चेहऱ्यात करुणा आहे." ती करुणा नव्हती, साडीची पिन टोचत होती. पण त्यामुळं गहिनीनाथ एका रोजच्या मालिकेत बबन ड्रायव्हर झाला. बबन हा श्रीमंत घरातला इमानी नोकर. सुनेला सासू बोलली की सून रडायची, आणि सून रडून झाली की स्वयंपाकघराच्या दाराआड बबन रडायचा. लोकांना बबनचंच रडणं जास्त आवडायला लागलं.

भामाबाई सुरुवातीला रोज साडेसातला टीव्हीसमोर बसून पदर डोळ्याला लावायची. "लेकराला लई रडवत्यात," म्हणायची. मग तिची लेक अंजू बाळंतपणाला माहेरी आली आणि तिनं सांगून टाकलं की डोळ्यात बाटलीतलं ग्लिसरीन घालत्यात. त्या दिवसापासून भामाबाईचा पदर जागेवर राहिला.

तर ह्या भामाबाईच्या पित्ताशयात खडे झाले. दुखायला लागलं की ती मेंढरांच्या वाड्याला टेकून बसायची आणि कुणी विचारलं तर मेंढी मोजतेय म्हणायची. शेवटी अंबाजोगाईला दाखवलं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि बजावलं की आता टाळाटाळ नको, सूज वाढली तर जिवाशी गाठ आहे. भामाबाई तयार होती. लुगडी धुऊन पिशवीसुद्धा भरून झाली होती.

आणि भर दुपारी, कोंबड्यांना दाणे टाकताना, तिच्या डोक्यावर कावळा येऊन बसला. नुसता शिवला नाही. बसला, पदर ओढला, इकडंतिकडं बघितलं आणि सावकाश गेला.

भामाबाईनं पिशवी रिकामी केली. "कावळा शिवलेल्या बाईनं त्या टेबलावर झोपायचं? मी काय येडी हाय? माघारी येत न्हाई मी."

आता सांगावा धाडणं आलं. पण धाडायचा कुणाला? म्हाळू घरातलाच, आणि अंजू तर तिथंच उभी होती, तिनं सगळं डोळ्यानं बघितलं होतं, वर हसलीही होती. भामाबाईच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. एक नणंद होती, तेलगावची सावित्रीबाई. पण सावित्रीबाईनं आपल्या सोमेश्वरसाठी अंजूला मागणी घातली होती आणि भामाबाईनं अंजू दुसरीकडं दिली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

"ती रडंल व्हय माझ्यासाठी?" भामाबाई म्हणाली. "ती पेढे वाटंल."

म्हणजे राहिला गहिनीनाथ.

फोन करायचं काम गावातल्या अंगदकडं आलं, कारण शाळेच्या नाटकात त्यानं एकदा दूत केला होता. गहिनीनाथ तेव्हा सेटवर बबनच्या खाकी कपड्यात वडापाव खात होता.

"गह्या," अंगद म्हणाला, "मन घट्ट कर. भामाकाकू गेल्या."

वडापाव हातातच राहिला. एक क्षण, खरोखर एकच क्षण, गहिनीनाथाच्या पायाखालचं काहीतरी सरकलं. आणि तेवढ्यात फोनमधून, अंगदच्या मागून, चांगला खणखणीत आवाज आला, "आरं रडत सांग की. बाजारभाव सांगतुयस व्हय."

गहिनीनाथ हसला. असा हसला की मेकअपवाला धावत आला. "आंगद्या," तो म्हणाला, "कावळा बसला का बे?"

अंगदनं फोन ठेवला आणि वळून भामाबाईकडं बघितलं. भामाबाईला सगळं ऐकू गेलं होतं. आई मेल्याचं ऐकून पोरगा हसला होता, आणि ह्याला काही उतारा तिला ठाऊक नव्हता.

संध्याकाळी अंजूचा फोन आला तेव्हा गहिनीनाथाला हसू फुटलं नाही. "दादा, ती दवाखान्यात येत न्हाई म्हनती. पिशवी माळ्यावर टाकली. तारीख जवळ आलीय. कालपासनं ताप हाय तिला, आन बाबांना सांगू नको म्हनती."

"तिला दे."

"बोलत न्हाई तुझ्यासंगं."

त्यानं व्हिडिओ कॉल केला. अंजूनं मोबाइल आईसमोर धरला. गहिनीनाथानं आईला बघितलं, आणि महाराष्ट्र ज्या रडण्यासाठी भाकरी करपू देत होता तेच तो रडला. हुंदका, मग थांबणं, मग खालचा ओठ, मग दुसरा हुंदका.

भामाबाईनं शेवटपर्यंत शांतपणे बघून घेतलं. "हे तर सोमवारचंच हाय," ती म्हणाली. "सासूनं दागिनं ठिवून घेतलं तवाचं."

गहिनीनाथानं नाक पुसलं. गंमत अशी की ते तसंच होतं. त्याला दुसरं रडणं येत नव्हतं. खरं आणायला गेलं तरी अंगात मुरलेलं तेच यायचं. पुढचे दोन दिवस तो सेटवरच्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये बसून आई नसलेल्या जगाचा विचार करायचा आणि ऐन वेळी त्याला टेबलफॅन आठवायचा. स्वतःच्याच विनोदानं एवढी अडचण कुणाची झाली नसेल.

मालिका लिहिणारी वैष्णवी त्याच सुमारास डोकं धरून बसली होती. नायिका बहिणीच्या लग्नाला गेलेली, आणि आठवडा कुणाला तरी रडवून भरून काढायचा होता. गहिनीनाथ तिच्याकडं गेला आणि म्हणाला, "बबनची आई मारा."

"बबनला आई आहे?"

"हाय. गावाकडं. तिला मारा आन तिच्या फोटोला हार घाला. फोटो मी देतो."

त्याचं गणित साधं होतं. खोटा सांगावाच पाहिजे ना? मग गावच्या अंगदनं कशाला, चॅनेलनंच द्यावा. फोटो अंजूच्या लग्नातला होता, हिरव्या लुगड्यातला, भामाबाई फोटोवाल्यावर संशय घेऊन बघतेय असा. दुपारी सेटवर तो मोठा करून, चौकटीत घालून, टेबलावर ठेवला. पुढं उदबत्ती. फोटोला पांढरा हार.

गहिनीनाथाला वाक्य होतं, "आई, तुझ्या पोराला माफ कर." तो समोर गेला. हार फोटोवर जरा कलला होता आणि भामाबाईचा एक डोळा झाकला गेला होता. त्यानं हार सरळ करायला हात पुढं केला आणि त्याचा हात तिथंच थांबला. तोंड उघडलं, आवाज आला नाही. चेहरा एका बाजूनं वाकडा झाला, नाक गळायला लागलं, छातीतून उचकीसारखं काहीतरी वर यायचं आणि गळ्यात अडकायचं. वाक्य तर कुठल्या कुठं गेलं. तो वासरासारखा नुसता उभा राहिला.

"कट," डायरेक्टर म्हणाला. "गहिनी, काय करतोयस? काही पोचतच नाहीये. तोंड दिसत नाही, आवाज नाही. नेहमीचं दे ना."

बाटली आली. दुसरा टेक एका झटक्यात ओके झाला. युनिटमधल्या दोन जणांनी डोळे पुसले.

मालिका चित्रीकरणानंतर दोन-चार दिवसांत दिसते. भाग दाखवायचा त्याच दिवशी गहिनीनाथ सुट्टी काढून माळावर पोचला. ऑपरेशनची तारीख परवावर आली होती. भामाबाईचं तोंड पिवळट दिसत होतं. तिनं त्याला भाकरी वाढली, पण बोलली नाही. साडेसातला सगळे टीव्हीसमोर बसले. म्हाळू दारात बसला, कारण बायकोचं मरण आत बसून बघणं त्याला बरं वाटेना.

पडद्यावर भामाबाईचा फोटो आला. हार, उदबत्ती, धूर. बबन गुडघ्यावर बसला. हुंदका, थांबणं, खालचा ओठ.

"हार झेंडूचा न्हाई," भामाबाई म्हणाली. "निशिगंधाचा दिसतोय. लईच खर्च केला माझ्यावर."

"आई, आक्ख्या महाराष्ट्राला सांगावा गेला तुझा," गहिनीनाथ म्हणाला. "घरोघर बाया रडत असत्याल आत्ता."

"महाराष्ट्र माझा कोन लागतो? आपलं मानूस रडाया पायजे."

"मी रडलो ना."

"हे?" तिनं टीव्हीकडं हनुवटी केली.

"हे न्हाई. ह्याच्या आधी. फोटोला हात लावताना मी खरंच रडलतो. त्यांनी ते कापलं."

भामाबाई पहिल्यांदा त्याच्याकडं वळली. "खरं कापलं आन खोटं ठिवलं? कावून?"

"चांगलं दिसत न्हवतं म्हनून."

विश्वास ठेवावा असं तिला वाटत होतं, ते त्याला दिसत होतं. पण हा पोरगा नकला करून मोठा झालेला, आणि ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. "आसला कसला रं धंदा तुझा," ती म्हणाली, आणि उठून कोकरं झाकायला गेली.

सकाळी म्हाळू मेंढरं सोडत होता तेव्हा धर्मापुरीच्या रस्त्यानं धूळ उडवत एक टेम्पो येताना दिसला. टेम्पो दिसायच्या आधी आवाज आला होता. बाईचा, हेल काढून रडण्याचा. म्हाळूनं काठी खाली ठेवली. तो आवाज त्याच्या बहिणीचा होता.

तेलगावात काय झालं ते सोमेश्वरनं नंतर सांगितलं. भाच्याची मालिका बघायची नाही अशी सावित्रीबाईची शपथ होती, पण सून करिष्मा बघायची, आणि घर लहान असल्यामुळं शपथेला जागा पुरायची नाही. काल संध्याकाळी सावित्रीबाईनं भामाबाईच्या फोटोला हार बघितला. करिष्मानं सांगितलं, आत्या, ही मालिका हाय. सावित्रीबाई म्हणाली, "मालिका आसंल. पर फोटू भामीचाच हाय ना? आन म्होरं रडतंय ते तिचंच पोरगं हाय ना? मग मालिका कशी?" फोन करावा तर सावित्रीबाई करू देईना. आपल्याला कळवलंसुद्धा नाही, हेच तिला जास्त लागलं होतं, आणि ज्यांनी कळवलं नाही त्यांना विचारायचं कसं?

टेम्पो थांबला. सावित्रीबाई मागच्या बाजूनं उतरली, दोन शेजारणींनी तिला धरलं होतं.

"भामे गं माझे," ती रडत होती, "तुझ्या हातची भाकर खाल्ली गं मी. नांदाया आलीस तवा तुझी येनी घातली गं मी. एका पोरीपायी तोंड फिरवलं गं. जाताना एक हाक मारायची व्हतीस, मी आले आसते गं भामे."

भामाबाई वाड्यातून बाहेर आली. काखेत कोकरू होतं, हातात दुधाची बाटली. ती कुडाजवळ उभी राहून ऐकत होती आणि लगेच पुढं आली नाही. हे सगळं ऐकून घ्यावं असं तिला वाटलं असणार, आणि ते चूक कसं म्हणायचं?

आधी शेजारणींना ती दिसली. एकीनं सावित्रीबाईचा हात सोडला. मग सावित्रीबाईनं वर बघितलं.

तिचं रडणं मधेच तुटलं. ती मटकन खाली बसली, मग उठली, भामाबाईच्या अंगावर गेली आणि तिच्या दंडावर दोन बुक्क्या घातल्या. "मेली न्हाईस व्हय गं भवाने? जित्ती हाईस? आन मी रातपासनं आन्नाला शिवले न्हाई."

"कवापासनं रडतीस?" भामाबाईनं विचारलं.

"कवापासनं म्हंजे? डोळं बघ की माझं."

भामाबाईनं कोकरू गहिनीनाथाकडं दिलं. मग सावित्रीबाईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं आणि अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढून बघितली. आजारी मेंढीची बघतात तशी, आधी एक, मग दुसरी. लाल होत्या, सुजल्या होत्या. गालावर मीठ वाळलं होतं.

"हे बाटलीतलं न्हाई," ती म्हणाली.

"कसल्या बाटलीतलं?"

भामाबाईचा हात सावित्रीबाईच्या गालावरच होता आणि तो तिनं तसाच राहू दिला. मग तिचंही तोंड एका बाजूनं वाकडं झालं. आवाज आला नाही. उचकीसारखं काहीतरी वर आलं आणि अडकलं. गहिनीनाथ कोकरू धरून बघत राहिला. डायरेक्टरला जे पोचलं नव्हतं ते त्यानं कुणाकडून घेतलं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"अंजे," थोड्या वेळानं भामाबाईनं पदर सारखा करत हाक मारली, "माळ्यावरची पिशवी काढ. आन ह्यास्नी च्या ठिव."

दवाखान्यात सोमेश्वरच्याच टेम्पोनं गेले. वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई भामाबाईकडं टक लावून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "आवं, तुमी तर काल वारल्या ना?"

"व्हय," भामाबाई म्हणाली, "पर नणंदेनं जाऊ दिलं न्हाई." सावित्रीबाई खाटेच्या पायाशी बसली होती. तिनं हे ऐकलं आणि उगीचच पिशवीतली लुगडी पुन्हा घडी करायला घेतली.

सकाळी भामाबाईला आत नेलं. दार बंद झालं आणि गहिनीनाथाच्या गळ्यात ते पुन्हा आलं. बाटली नाही, कॅमेरा नाही, नुसतं आपलं आपण. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

"गह्या," सावित्रीबाई बाकावरून म्हणाली, "आता रडलास तर थोबाडीत दीन. तिच्या नावचं रडून झालंय. आता कुनी पानी काढायचं न्हाई."

"येतंय आत्या, काय करू?"

"तुझा धंदा काय हाय? कर की तो."

गहिनीनाथ वळला. बाकावर बाप बसला होता, पागोटं मांडीवर घेऊन. शेजारी सावित्रीबाई, सोमेश्वर, आणि कुणाकुणाची वाट बघणारी अनोळखी चार माणसं. तळघरातसुद्धा ह्यापेक्षा बरा प्रेक्षक असायचा. त्यानं घसा खाकरला. हेडमास्तर खोकले. सरपंचानं आभाळाकडं, म्हणजे छताच्या पंख्याकडं बघितलं. आवाज मधेच फुटायचा, मग तो तसाच फुटका पुढं ढकलायचा. नाथा चुलत्याचा सासरा आला, जीपमधून उतरला. कोपऱ्यातला हात प्लास्टरमध्ये असलेला माणूस आधी हसला. मग सोमेश्वर. म्हाळू हसला नाही, पण त्यानं पागोटं डोक्याला गुंडाळायला घेतलं. सिस्टर येऊन म्हणाली, हळू, हा दवाखाना आहे, आणि तिथंच उभी राहिली. गहिनीनाथ थांबला नाही. थांबलं की दार दिसायचं.

सासऱ्यानं फॅनचं बटन बंद केलं होतं आणि मयतानं भाकरीवरून मान वर केली होती, तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली करून म्हणाले की नीट झालं सगळं, शुद्धीवर येतायत, तासाभरात भेटा. त्यांच्या हातात एक छोटी प्लास्टिकची डबी होती, त्यात काढलेले खडे. त्यांनी ती म्हाळूच्या हातावर ठेवली.

गहिनीनाथ पुढचं वाक्य विसरला आणि बाकावर बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि ह्या खेपेला सावित्रीबाईनं थोबाडीत दिली नाही. तिचा स्वतःचाच पदर नाकाला होता.

म्हाळूनं डबी उजेडाला धरून खालीवर केली. काळपट, गोल गोल, लेंड्यांसारखे खडे.

"एवढ्यासाठी," तो म्हणाला, "आक्खा महाराष्ट्र रडवला व्हय रं." आणि डबी त्यानं सदऱ्याच्या खिशात घातली, भामाबाईला दाखवायला.